ओढल्याशिवाय सरकलेलं कापड

विमल,

तुझ्या जलदान विधीला आलेले पाहुणे एकेक करून उठले आणि तुझ्याबद्दल बोलले. फार सोशिक बाई होती, म्हणाले. कधी कोणाला उलटून बोलली नाही, म्हणाले. मी पुढच्या सतरंजीवर मान खाली घालून ऐकत होतो. लोकांना वाटलं, मी रडतोय. खरं सांगायचं तर मला हसू आवरत नव्हतं. सोशिक? तू? लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला, नवऱ्याला, दारात उभं करून जिनं सांगितलं होतं, "जेवाले एकदा हात धुतले तरी चालते, पन माह्या मशीनजवळ याचं असंन तं दोनदा धुवा," ती सोशिक?

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठलो, हात जोडले आणि परत बसलो. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहितो. यात तुझं माहेर, तुझं शिक्षण, तुझा स्वभाव काही नाही. ते सगळं बोलणाऱ्यांनी बोलून टाकलं. मला फक्त त्या ब्लाऊजबद्दल सांगायचं आहे, आणि आपल्या भांडणाबद्दल.

मी मोटार वाइंडिंगवाला. वडनेर भोलजीच्या शिवारात विहिरीवरची मोटार जळाली की ती माझ्याच दारात यायची. लोक म्हणायचे, मोटारीचा नुसता आवाज ऐकून मी दुखणं सांगतो. पण घरात, खिडकीखाली ठेवलेल्या तुझ्या पायडलच्या मशीनला हात लावायची मला बंदी होती. कारण माझे हात. ग्रीस आणि वार्निश नखांत असं मुरलेलं की रॉकेलनंही निघायचं नाही. एकदा तुला कात्री द्यायला म्हणून आलो आणि समोरच्या शकुंतलाबाईंच्या कोऱ्या पोपटी कापडावर माझा अंगठा उमटला. तू कापड फिरवलंस, परत फिरवलंस, आणि गळा असा बेतलास की तो अंगठा बरोबर कापून टाकायच्या तुकड्यात गेला. शकुंतलाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून खिडकीजवळ यायची सोय राहिली नाही.

म्हणून मी लांबूनच बघायचो. पाटावर बसून वायर गुंडाळता गुंडाळता तुझं शिवणं बघणं हा माझा रोजचा उद्योग. तुझा उजवा हात सुईच्या पुढे, डावा हात सुईच्या मागे, आणि त्या डाव्या हातानं तू शिवलेलं कापड मागं ओढत न्यायचीस. मला ते पहिल्यापासून खटकायचं. मशीनच्या सुईखाली प्लेट असते, प्लेटच्या फटींतून दाते वर येतात, कापडाला एक टाकाभर मागं ढकलतात, खाली जातात, पुन्हा वर येतात. कापड पुढं-मागं करायचं काम त्यांचं. शिवणाऱ्यानं फक्त दिशा धरायची. एवढं तर यंत्राकडे बघून कोणालाही कळतं.

"कापड मशीन नेते का तू नेतेस?" मी विचारायचो.

"मशीनच नेते. मी सोबतीनं जाते."

"मंग हात सोडून दाखव."

"तुमच्या मोटारीचं पाहा तुमी. ती जयली म्हने."

एवढंच. मग तुझी सुई मोडायची. सुया फार मोडायच्या तुझ्या. ओढलेल्या कापडाबरोबर सुई वाकते आणि प्लेटवर आपटते, हे मी सांगायचो आणि सुया बनवणारे चोर झाले आहेत, हे तू सांगायचीस. भांडण तिथंच थांबायचं, कारण दारात कोणीतरी ब्लाऊज घ्यायला आलेलं असायचं आणि त्या बाईच्या अंगावर तुझं ब्लाऊज असं बसायचं की मी पुन्हा वायर गुंडाळायला लागायचो.

मग ते झालं. सकाळी कणीक मळता मळता तुझा डावा हात परातीतच राहिला. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हा हात कोनाचा हाये?" तुला खामगावच्या दवाखान्यात नेलं. तू वाचलीस. बोलणं सुधारलं, पाय धरायला लागला, काठी टेकत तू घरात फिरायला लागलीस. डावा हात मात्र आला नाही. सपाट जागेवर ठेवला तर पडून राहायचा. पण बोटांत काही धरायचं म्हटलं की धरलं जायचं नाही. तू तो पदराखाली घ्यायला लागलीस. बाई आली की आधी पदर, मग "या, बसा."

प्रज्ञाचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. मुलगा डोणगावचा. आपली पोरगी नांदुऱ्याला नोकरीला, रोज बसनं जायची-यायची. तिनंच पांढरी साडी पसंत करून आणली होती, आणि ब्लाऊजसाठी पांढरं साटीन. चमकदार, पातळ, हातातून पाण्यासारखं निसटणारं. ती घाबरत घाबरत म्हणाली, "आई, ब्लाऊज मी नांदुऱ्याले शिवाले टाकते. तू आराम कर."

तू तिच्या हातातलं साटीन काढून घेतलंस आणि मशीनवर ठेवलंस. म्हणून मी घाबरलो.

संध्याकाळी चहा झाल्यावर तू म्हणालीस, "माह्या पोरीचं लग्नातलं ब्लाऊज दुसरी बाई शिवीन?"

"आई, अवं तुहा हात..."

"एक हाये ना."

"एका हातानं कसं होईन?"

"मंग म्या एवढ्या जगाचे ब्लाऊज कायले शिवले?" तू म्हणालीस, आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलीस. प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मशीनवर बसलीस. जुन्या परकराचा सुती तुकडा घेतलास. उजवा पाय पायडलवर, उजव्या हातानं चाकाला झटका, मग तोच हात कापडावर. डावा हात शेजारी मशीनच्या पाटावर ठेवून दिलेला. मशीन चालली. सुई वर-खाली झाली. कापड जागचं हललं नाही. सुई त्याच त्या भोकात जात राहिली आणि खाली दोऱ्याचा गोळा झाला. तू तो कापून काढलास, पुन्हा केलंस. या वेळी कापड मुंगीसारखं थोडं सरकलं, अडकलं, आणि तिरपं झालं. तिसऱ्यांदा केलंस तेव्हा मी दारात येऊन उभा होतो.

"मशीन बिघडली," तू म्हणालीस.

"आज नाई बिघडली," मी म्हणालो. "किती वर्साची बिघडलेली हाये ती. तिचं काम तुहा डावा हात करून राह्यला होता."

हे तेव्हा बोलायला नको होतं, असं कोणीही म्हणेल. पण तुझ्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. तू मशीनकडे बघितलंस, मग पाटावरच्या त्या हाताकडे, आणि मग माझ्या हातांकडे.

"धुवून या," तू म्हणालीस. "दोनदा."

विमल, मला पुढे खूप जणांनी खूप कामं दिली, पण तेवढ्या आनंदानं मी कधी साबण लावला नाही.

प्लेटचे स्क्रू काढले आणि आपण दोघंही बघत राहिलो. दात्यांच्या ओळींमध्ये धाग्यांचा भुसा दाबून दाबून असा घट्ट झाला होता की बुटाच्या तळव्यात घालतात तो लोकरीचा नमदाच जणू. दाते वर यायचे, पण भुशामुळे त्यांना पुरतं वर यायला जागाच नव्हती. मी जाड सुईनं तो उकरून काढला. निघाला तो थर थर, रंगीत. तू तो तळहातावर घेतलास आणि वाचल्यासारखा बघत राहिलीस. "हे निळं प्रज्ञाच्या शाळेचं. आन हा पोपटी शकुंतलाबाईचा." मग एकदम म्हणालीस, "म्या रोज तेल देत होती तिले."

"तेल देत होतीस. झाडत नव्हतीस."

"तेल दिल्यानं कचरा चिकटते, हे तवा काऊन नाई सांगतलं?"

"तवा मले जवळ येऊ देत होतीस का?"

तू भुसा झटकलास आणि पुन्हा सुती तुकडा उचललास.

कचरा निघाल्यावर सुती कापड चालायला लागलं, पण रडत रडत. मी दात्यांवरून बोट फिरवलं. कडेचे दाते टोचत होते, मधले गुळगुळीत. झिजलेले. मी नांदुऱ्याला गेलो आणि नवे दाते आणले. ते बसवले तर प्लेटला घासून करकर आवाज. आकार वेगळा. पुन्हा नांदुरा. या वेळी जुने दाते खिशात घालून नेले. "नमुना घेऊन जा म्हटलं होतं म्या," असं तू म्हणालीस. तू म्हटलं नव्हतंस. हे भांडणही तसंच पडून आहे आणि आता मी एकटाच एका बाजूला आहे, त्यामुळे माझं खरं धरायला हरकत नाही.

नवे दाते बसले. मग त्यांची उंची. माझं डोकं मोटारवाल्याचं. जोर कमी पडतोय तर जोर वाढवा. मी मशीन आडवी करून खालचा स्क्रू सैल केला आणि दाते चांगले उंच करून ठेवले. कापड धावलं, पण सुरकुत्या पडल्या आणि पालथं करून बघितलं तर दातांचे ओरखडे.

"कापड हाये ते," तू म्हणालीस. "नांगरून राह्यले का तुमी?"

प्रज्ञा भिंतीला टेकून हसली. लग्न ठरलेल्या पोरीला त्या घरात तितकं मोकळं हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो. मी दाते खाली आणले, इतके की अगदी वर आल्यावर प्लेटच्या वर नुसती त्यांची टोकं दिसावीत. त्यानंतर सुती तुकडा सरळ गेला. तू त्यावर एक लांब शिवण मारलीस, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तुझा उजवा हात कापडावर फक्त ठेवलेला होता. आपण तिघांनी ती शिवण दारात नेऊन उजेडात बघितली. टाके एकसारखे होते.

खरं संकट पुढेच होतं. साटीनचा उरलेला एक तुकडा दुहेरी करून घातला. शिवण सुरू झाली, आणि शेवटाला वरचा पदर दोन बोटं पुढे उरला. खालचं कापड दात्यांबरोबर जात होतं, वरचं मागं राहत होतं. पूर्वी तुझा डावा हात मागून दोन्ही पदर धरून न्यायचा, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं.

सुईशेजारी कापड दाबून धरणारा जो लोखंडी फूट असतो, त्याच्या दांडीवर एक स्क्रू आहे. तो आवळला की दाब वाढतो. मी आवळला. वरचं कापड आणखी मागं राहिलं. मी आणखी आवळला.

"ढिला करा," तू म्हणालीस.

"ढिला केला तं पकड जाईन. आंधीच निसटून राह्यलं ते."

"पकड लय झाली म्हनूनच वरचं अडकून राह्यलं. फूट त्याले चालू देत नाई."

"मशीनचं मले कळते."

"कापडाचं मले कळते."

मी म्हटलं, त्यापेक्षा मी मोटारच बसवून देतो मशीनला, पाय मारायची कटकट नको. तू म्हणालीस, मोटार लावली तर मशीन पळेल, पण चुकीचं तेच जोरात होईल. मला राग आला. दुपारी आपण एकमेकांशी न बोलता जेवलो. प्रज्ञानं दोघांनाही वाढलं आणि मग शांतपणे म्हणाली, "बाबा, ढिला करून तं पाहा. नाई जमलं तं आवळता येते."

मी ढिला केला. तू शिवलंस. वरचा पदर दोन बोटांऐवजी नखाएवढा उरला. तू एवढंही म्हणाली नाहीस की बघा. सरळ पुढचा तुकडा हातात घेतलास. ते तर आणखी लागलं.

आणि उरलेलं ते नखाएवढं कसं गेलं, ते तुझंच डोकं. साडीच्या खोक्यात पांढरा, पातळ, कोरा कागद होता. त्याच्या पट्ट्या फाडायला लावल्यास. पट्टी खाली, साटीन वर, आणि दोन्हीवरून शिवण. दात्यांना कागदाची पकड मिळाली, साटीनची घसरण थांबली. शिवून झाल्यावर कागद दोन्ही बाजूंनी फाडून काढला तर शिवण तशीच राहिली, निर्मळ. वरचा पदर आणि खालचा पदर एकाच जागी संपले होते. मी ते टोक कितीदा तरी जुळवून बघितलं.

मग खरं कापड. खडूनं तू बेतलंस. कात्री एका हातानं चालते, पण कापड धरायला दुसरा हात लागतो. त्या जागी तू थंड इस्त्री ठेवलीस. दोन पदर हलू नयेत म्हणून कच्चा टाका घालायला नवरीलाच बसवलंस. "लग्नात मिरवाचं असंन तं आता सुई धर," असं म्हणालीस. मला खुर्ची दिलीस, दारापाशी. बोलायचं नाही, ही अट.

पाठ झाली. पुढचे भाग झाले. बाजूच्या शिवणी झाल्या. बाही लावताना बिनसलं. बाही गोल असते. कापड सतत वळवत न्यावं लागतं आणि वळवायला दोन हात लागतात. पहिली बाही चुण्यांसकट बसली. तू ती उसवलीस. एका हातानं उसवणं शिवण्याहून अवघड. पातं चालवायचं त्याच हातानं आणि कापड ताणायचंही त्याच हातानं. प्रज्ञा पुढे आली, तर तू मानेनंच नाही म्हणालीस. उसवून झालं आणि तू मशीनच्या डोक्यावर आपलं डोकं टेकवलंस.

मी उठलो. तुझ्या खांद्यापर्यंत हात नेला.

"हात लावू नका," तू म्हणालीस, डोकं न उचलता.

मी परत खुर्चीवर बसलो. तुझी पाठ हलत होती. नंतर हलायची थांबली. तू डोकं वर केलंस, पदरानं तोंड पुसलंस, कागदाची नवी पट्टी घेतलीस आणि बाही पुन्हा लावलीस. थोडे टाके. सुई कापडात रुतलेली ठेवायची, फूट उचलायचा, उजव्या हातानं कापड जरासं वळवायचं, फूट खाली. पुन्हा थोडे टाके. घाई नाही. मशीन एरवीसारखी खडखडत नव्हती, एकेक पाऊल टाकत होती. आणि ते पांढरं साटीन, विमल, तुझ्या डाव्या हाताच्या शेजारून स्वतः सरकत गेलं. कोणी ओढलं नाही, कोणी ढकललं नाही. दात्यांनी नेलं. पूर्ण गोल फिरून ते जिथं सुरू झालं होतं तिथं येऊन मिळालं.

तू कागद फाडलास. बाही उलटी केलीस, सुलटी केलीस, हाताची मूठ घालून फुगवून बघितलीस. एक चुणी नव्हती.

"सरकलं," तू म्हणालीस.

"मशीननं सरकवलं," मी म्हणालो.

"हाव. ती आंधीपासूनच सरकवत होती."

"नव्हती!"

"होती," तू म्हणालीस आणि दुसऱ्या बाहीला हात घातलास. ती एकदाच लावावी लागली.

लग्न नांदुऱ्याला झालं. त्रिशरण-पंचशील झालं, टाळ्या वाजल्या, फुलं उधळली. आपली पोरगी पांढऱ्या साडीत उभी होती. मला दागिने दिसले नाहीत, मंडप दिसला नाही, मला फक्त खांद्याची ती गोल शिवण दिसत होती. जेवणाआधी डोणगावकडच्या बाया तिच्याभोवती जमल्या. नवऱ्या मुलाच्या आत्यानं तिची बाही दोन बोटांत धरली, आतली बाजू उलटून बघितली, जशी जाणती बाई बघते तशी.

"कोन शिवलं वं हे? फिटिंग पाहा बाई कसं बसलं!"

"माह्या आईनं," प्रज्ञा म्हणाली.

सगळ्या बाया तुझ्याकडे वळल्या. तू खुर्चीवर बसलेली, डावा हात नेहमीसारखा पदराखाली. आत्याबाईंना तुझ्या दुखण्याचं ठाऊक होतं. त्या तुझ्याकडे बघत राहिल्या, मग पदराकडे. मला वाटलं, आता कोणीतरी हळहळेल आणि तुझा चेहरा पडेल.

तू पदर बाजूला केलास. उजव्या हातानं डावा हात उचलून बाहेर काढलास आणि सगळ्यांच्या समोर मांडीवर ठेवलास. "एकाच हातानं शिवलं," तू म्हणालीस. "हा नुसता बसून होता. फुकटचा पाहुना."

आधी कोणाला कळेना, हसावं की नाही. मग आत्याबाईच खदखदून हसल्या, आणि त्यांच्या मागं सगळ्या. तुझ्याशेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या आणि गळा कसा बेतायचा ते विचारत राहिल्या, जेवण थंड झालं तरी. त्या दिवसानंतर तो हात पुन्हा पदराखाली गेला नाही.

पुढचं तुला सांगायला नको, पण मला लिहायला आवडतंय. गल्लीतल्या बाया परत यायला लागल्या. आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मशिनी. कोणाची कापड ओढत नाही, कोणाची तिरपं नेते, कोणाची जाड शिवणीवर अडून बसते. मी फटफटी काढायचो, तू मागं बसायचीस, उजव्या हातानं माझा खांदा धरून. तू विचारपूस करायचीस, मी पान्याचं काम करायचो. जीन्सच्या दुमडीवर फूट तिरपा होऊन अडकतो, तर त्याच्या मागं तेवढ्याच जाडीची घडी सरकवायची, हे तू किती पोरींना शिकवलंस. शकुंतलाबाईंच्या सुनेकडचा तो दिवस आठवतो ना? नवीकोरी मशीन, कापड अजिबात हलेना. मी प्लेट काढली, दाते तपासले, मशीन आडवी केली, खालचा प्रत्येक स्क्रू बघितला. घामाघूम झालो. तू चहा पीत बसली होतीस. कप संपल्यावर उठलीस आणि टाका लहान-मोठा करायचा खटका एका बोटानं खाली केलास. तो शून्यावर होता. टाक्याची लांबीच शून्य, तर कापड जाईल कुठं?

"चहा पेईपर्यंत थांबलीस काऊन?" मी रस्त्यात विचारलं.

"तुमी एवढ्या मनानं करून राह्यले होते. मोडावं नाई वाटलं."

त्यावर फटफटीच्या मागं तू जी हसलीस, ती घर येईपर्यंत थांबली नाहीस.

विमल, एक गोष्ट मी तुला बोललो नाही. ती ही. तुझा हात गेल्यानंतरची ही वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. आधी आपण एकाच घरात दोन कारखाने चालवत होतो. तू खिडकीपाशी, मी पाटावर. नंतर आपण एक काम दोघांनी केलं. हे बोलायला माझं तोंड कधी उघडलं नाही, कारण ते तुझ्या दुखण्याचे आभार मानल्यासारखं झालं असतं. आणि तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. "मंग आंधीच पडाले पायजे होतं का म्या?" असं म्हणाली असतीस. म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. मी हो म्हणालो नसतो, नाहीही म्हणालो नसतो.

या वेळी तुझ्या छातीत दुखलं आणि दवाखान्यापर्यंत जायलाही तू वेळ दिला नाहीस. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

काल सरिता आली होती. शेजारच्या खेड्यातली, जिला तू वर्षभर ब्लाऊज शिकवलंस ती. तिला कळलेलं नव्हतं. ऑटोतून मशीन उतरवून घेतली, ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "जय भीम काका. काकू हायेत का? मशीन कापड घेतच नाई."

मी तिला सांगितलं. ती ओट्यावरच बसली. रडली. मी पाणी आणून दिलं. मग ती ऑटोवाल्याला हाक मारायला लागली, मशीन परत चढवायला.

"थांब," मी म्हटलं. "आलीस तं पाहू."

नव्या धाटणीची मशीन. आपल्याकडे तशी कधी आली नव्हती. मी पाना उचलला आणि खाली ठेवला. तू कोणतीही मशीन उघडायच्या आधी बाईला विचारायचीस, याच्यावर शेवटी काय शिवलं. मी ते विचारलं.

"शिवलं नाई काका. पोरीनं भरतकामाची रिंग लावून रुमालावर फुलं काढले."

मी विचार केला. फुलं काढायची तर कापड हातानं चहूकडे फिरवावं लागतं. मग दाते मध्ये यायला नकोत. म्हणजे या मशीनला दाते खाली बसवायची काहीतरी सोय असणार, आणि पोरीनं ते खाली बसवले असणार, आणि वर करायची विसरली असणार. मी मशीनच्या पाटावर हात फिरवला. उजव्या बाजूला एक बटन होतं. फिरवलं. आत कट् असा आवाज झाला. चाक हातानं फिरवलं तर दाते वर आले, एका ओळीत, चांगले धारदार.

सरितानं पिशवीतला तुकडा घातला. दोन्ही हात वर उचलून धरले, तू शिकवायचीस तसे. कापड सरळ गेलं.

ती डोळे पुसत हसली. मशीन ऑटोत चढवली, बसली, आणि सवयीनं बोलून गेली, "काकूले सांगजा काका, झाली म्हना." आणि मग जीभ चावली.

"सांगतो ना," मी म्हटलं.

तर विमल, सरिताची मशीन झाली. नवीन बनावटीची होती, आपण कधी न पाहिलेली. दाते खाली राहिले होते. मी एकट्यानं ओळखलं.